पथ्य आणि सुई

जुन्नरच्या लोलिंबराजाने ‘वैद्यजीवन’ लिहिले त्याला आता साडेतीनशे-चारशे वर्षे होत आली. ग्रंथ लहान, पण रसाळ. रोगांची लक्षणे आणि काढ्यांची प्रमाणे हा वैद्य आपल्या प्रियेशी लाडीगोडीने बोलावे तशी सांगत जातो. त्यामुळे त्याचे श्लोक पाठ करणे कुणाला जड गेले नाही. त्यातल्या एका श्लोकाला तर म्हणीची योग्यता आली. रोगी पथ्याने वागत असेल तर त्याला औषधाचे कारण काय, आणि तो पथ्याने वागत नसेल तर त्याला औषधाचा उपयोग तरी काय, असा त्या श्लोकाचा भाव. ज्या घरांत संस्कृताचा गंधही नव्हता त्या घरांतही हा विचार जाऊन बसला आणि आजतागायत तो तेथून हललेला नाही.

विचार सुंदर आहे यात शंका नाही. परंतु सुंदर विचारही अनुभवाच्या सहाणेवर घासून पाहावा लागतो. या श्लोकाची अशी परीक्षा ज्या एका रोगाने घेतली तो रोग म्हणजे मधुमेह. त्या परीक्षेचा इतिहास मोठा आहे. त्यात आपली दोन फार मोठी माणसे आहेत, आणि त्याचा शेवटचा अध्याय तेल्हाऱ्यासारख्या गावांतून अजून लिहिला जात आहे.

तेल्हारा हे अकोला जिल्ह्याच्या उत्तर अंगाचे तालुक्याचे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, तेथून उतरणारी वान नदी, दक्षिणेला पूर्णेकडे पसरत जाणारी काळी कसदार जमीन आणि खारपाणपट्टा. पीक कापसाचे आणि अन्न ज्वारीचे, अशी या मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. मधुमेह हा शहरातल्या, गादीवर बसणाऱ्या लोकांचा रोग, अशी येथली जुनी समजूत. “जवारीची भाकर खानाऱ्याले साखरेचा रोग होते काय?” असे विचारणारे म्हातारे आजही भेटतात. दुसरी समजूत तितकीच पक्की आहे. “एकदा का सुई लागली, का मंग ते सुटत नाही,” म्हणून सुई जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी. पहिल्या समजुतीत आपल्या अन्नाचा अभिमान आहे, दुसरीत औषधाची भीती आहे. दोन्हींत थोडे सत्य आहे. आणि त्या थोड्या सत्यावर सारा भार टाकल्यामुळे माणसे दगावतात. म्हणून हा इतिहास मुळापासून पाहणे इष्ट.

*

मधुमेहाची ओळख आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळी झाली होती. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी हेरले होते. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार मोजले आणि मधुमेह हा त्यांतला सर्वांत वाईट मानला. पण वीस या संख्येपेक्षा त्यांनी केलेला एक साधा भेद आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सुश्रुत म्हणतो की प्रमेह दोन तऱ्हांचा असतो: एक जन्मतःच आलेला, दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. पहिल्या तऱ्हेचा रोगी कृश, रूक्ष, थोडे खाणारा आणि सदा तहानलेला. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, अंथरुणावर लोळणारा. कृशाला अन्नपानाने जपावे आणि स्थूलाला लंघनाने हलके करावे, असा त्याचा निवाडा आहे. चरकाचेही तेच मत. आजच्या शास्त्राने मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार ठरविले त्यांच्याशी हा भेद तंतोतंत जुळतो असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु एकाच नावाखाली दोन निराळे रोगी उभे असतात आणि एकाला जे तारते ते दुसऱ्याला मारते, हे त्यांनी पाहिले होते एवढे निश्चित.

चरकाने प्रमेह्याच्या ताटात मुख्य अन्न म्हणून यव, म्हणजे जव, ठेवला. मराठीत यालाच आपण सातू म्हणतो. सुश्रुताने तर अन्नापलीकडे जाऊन रोग्याची दिनचर्याच बदलली. निर्धन रोग्याने पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. धनवंताने सावे-देवभातासारखे रानधान्य खाऊन रानात राहावे. कुणी शेत नांगरावे, कुणी विहीर खणावी. योजन चार कोसांचे धरले तर हा चारशे कोसांचा प्रवास झाला. हे वाचताना मनात येते की सुश्रुताने रोग्याला जे प्रायश्चित्त म्हणून सांगितले ते सारे तेल्हाऱ्याच्या शेतमजुराला जन्मतःच पदरात पडलेले होते. अनवाणी चालणे, नांगर धरणे, विहिरी खणणे, भरडे धान्य खाणे आणि तेही पोटभर नाही. म्हाताऱ्यांचा अभिमान येथून येतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही.

मात्र जन्मतः आलेल्या प्रमेहापुढे या ऋषितुल्य वैद्यांनीही हात टेकले होते. आईबापांकडून आलेला प्रमेह असाध्य, असे चरकाने स्पष्ट सांगून टाकले. पथ्याच्या राज्याची सीमा त्या राज्याच्या संस्थापकांनीच आखून ठेवली होती. लोलिंबराजाचा श्लोक पाठ करताना आपण ती सीमा विसरलो.

*

आता शतके ओलांडून १९०८ सालात येऊ. त्या वर्षी २२ जुलैच्या रात्री मुंबईच्या हायकोर्टाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. त्या वयाच्या राजबंद्याला मधुमेह होता. काही काळ साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सरकारने त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेले आणि शिक्षेचे रूप साध्या कैदेचे केले. इकडे वऱ्हाडातून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आपली चालती वकिली सोडून विलायतेला गेले आणि टिळकांच्या सुटकेसाठी १९१० पर्यंत तेथे खटपट करीत राहिले. वऱ्हाडाने लोकमान्यांवर किती प्रेम केले याची ही खूण.

मंडालेचा उन्हाळा भयंकर. लाकडी फळ्यांची कोठडी, एकान्त, आणि जोडीला हा रोग. त्यावेळी जगात मधुमेहावर खरे औषध असे काहीच नव्हते. बोस्टनच्या श्रीमंताला नव्हते तसे मंडालेच्या कैद्यालाही नव्हते. होते ते एकच, पथ्य. टिळकांनी ते गणितासारखे पाळले. गहू-तांदूळ दूर सारून त्यांनी सातूच्या पिठावर भर दिला. स्वयंपाकाला सातारा भागातला वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा एक कैदी त्यांना दिलेला होता. तो हे अन्न रांधून देई. चरकाने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेले धान्य इंग्रजांच्या तुरुंगात, गीतेचा अर्थ लावीत बसलेल्या एका महाराष्ट्रीय पंडिताच्या ताटात आले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्याच कोठडीत, शिसपेनीने, ‘गीतारहस्या’ची वह्यांमागून वह्या भरत गेली.

जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास आले. त्यानंतरची सहा वर्षे त्यांनी कशी घालविली ते सर्वश्रुत आहे: होमरूलचे दौरे, लखनौचा करार, १९१८-१९ मधील विलायतेचे वास्तव्य. मधुमेह असलेल्या माणसाने औषधाविना, केवळ संयमाच्या बळावर एवढे कार्य उभे करावे, हा पथ्याच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. तो कुणी नाकारू नये. परंतु तो नेमका कशाचा पुरावा आहे हेही पाहिले पाहिजे. टिळकांचा मधुमेह हा प्रौढ वयातला मधुमेह होता. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होत होते. ते अपुरे पडत होते, संपलेले नव्हते. जे थोडे शिल्लक होते त्यावरचा बोजा पथ्याने हलका केला. ज्याच्या पदरी काही शिल्लक असते त्यालाच काटकसर तारते. ज्याची तिजोरी रिकामी आहे त्याने काटकसर कशाची करायची?

*

ही रिकामी तिजोरी लहान मुलांच्या वाट्याला येते. तिची कहाणी कळण्यासाठी आपल्याला घटकाभर समुद्रापलीकडे जावे लागेल, कारण पथ्याचा प्रयोग शेवटच्या टोकापर्यंत नेला तो तेथे.

इंग्रजांच्या तोफखान्यातला शल्यवैद्य जॉन रोलो याने १७९७ साली मेरेडिथ नावाच्या कप्तानाला भाकरी-भाजी वर्ज्य करून मांस आणि चरबी यांवर ठेवले व त्याच्या लघवीतली साखर कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा बुशार्दा या फ्रेंच वैद्याला असे आढळले की उपासमारीमुळे आपल्या काही मधुमेही रोग्यांची लघवी साखरेपासून मुक्त झाली आहे. त्यावरून कमी खाणे आणि अंगमेहनत ही जोडी त्याने उपचारात आणली. टिळकांना शिक्षा होण्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ साली, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण देशांतील मधुमेहावर चर्चा झाली, आणि हिंदुस्थानात विशेषतः बंगालमधील सुशिक्षित, बैठ्या वर्गात हा रोग वाढत असल्याचे तेथे बोलले गेले.

यानंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक अ‍ॅलन याने पथ्याचे रूपांतर उपासात केले. लघवीतली साखर जाईपर्यंत रोग्याला उपाशी ठेवायचे, मग अगदी मोजून थोडे अन्न द्यायचे, साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपास. पालेभाजी तीनतीनदा उकळून तिच्यातले पिष्ट काढून टाकीत आणि मग ती मुलांना देत. अ‍ॅलन निर्दय नव्हता. त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते, इतकेच. या मार्गाने मुले वर्ष-दोन वर्षे अधिक जगत. पण जगत म्हणजे हळूहळू वाळत. अमेरिकेतील एका मोठ्या मुत्सद्द्याची, चार्ल्स ह्यूज यांची, एलिझाबेथ नावाची मुलगी अकराव्या वर्षी या रोगाने आजारी पडली. तीन वर्षे ती हे पथ्य अक्षरशः पाळीत राहिली. १९२२ च्या ऑगस्टात, पंधरावे वर्ष लागताना, पाच फूट उंचीच्या त्या मुलीचे वजन ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो, उरले होते. पथ्यात तिने तसूभर कसूर केली नव्हती. लोलिंबराजाच्या श्लोकाप्रमाणे पाहिले तर तिला औषधाचे कारणच नव्हते. प्रत्यक्षात तिच्यापुढे मृत्यू उभा होता.

असे का व्हावे? अन्नातली साखर रक्तात येते. ती रक्तातून पेशींत शिरावी यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस पाझरावा लागतो. तो मुळीच नसेल तर रक्तात साखरेचा पूर असूनही पेशी उपाशी राहतात. मग शरीर आपलीच चरबी आणि आपलेच मांस जाळू लागते, त्यातून आम्ल द्रव्ये साचतात, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, श्वास खोल व जलद चालतो आणि रोगी बेशुद्ध होतो. आपण काही खाल्ले नाही तरी यकृत स्वतः साखर तयार करीतच असते. म्हणजे भाकर बंद केली तरी साखर बंद होत नाही. अशा रोग्याला इन्सुलिन हे औषध नव्हे, ते अन्नपाण्याच्या पंक्तीतले आहे.

*

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांचे देहावसान झाले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, मॅक्लाउड या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून तो रस काढण्याच्या खटाटोपात गुंतले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉमसन या मुलाला त्यांनी पहिली सुई दिली. अर्क अशुद्ध होता, गुण आला नाही. कॉलिप नावाच्या रसायनज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुया सुरू झाल्या. साखर उतरली आणि मरायला टेकलेला मुलगा उठून बसला. तो पुढे तेरा वर्षे जगला. एलिझाबेथही त्याच वर्षी बँटिंगकडे आली. ती १९८१ पर्यंत, त्र्याहत्तर वर्षांची होईपर्यंत, जगली. या शोधाचे हक्क संशोधकांनी नाममात्र एकेका डॉलरला विद्यापीठास दिले. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही जादू पाहून लोकांना वाटले की आता पथ्याचे राज्य संपले. मात्र बोस्टनचे डॉ. जॉस्लिन यांच्यासारखे जुने जाणते वैद्य सांगत राहिले की इन्सुलिन आले तरी मोजून खाणे आणि व्यायाम हे सुटत नाहीत. हे म्हणणे किती खरे होते याचे उदाहरण आपल्याकडे पंचवीस वर्षांनी दिसले, आणि तेही पुन्हा एका ग्रंथकर्त्या पुरुषाच्या चरित्रात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनेच्या मसुद्यात बुडालेले असताना मधुमेहाने त्यांना घेरले. १९४८ च्या आरंभी त्यांच्या पायांत असह्य वेदना होऊ लागल्या आणि रात्रीची झोप उडाली. मधुमेह जुना झाला की मज्जातंतूंना इजा पोहोचते, त्यातलाच हा प्रकार. मुंबईत ज्या दवाखान्यात ते उपचार घेत तेथील डॉक्टर शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्या पुढे सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेल्या. इन्सुलिनची सुई वेळेवर देणे, ताटातले अन्न मोजून ठेवणे आणि कामात गढलेल्या माणसाला जेवणाच्या वेळेस उठविणे, हे सारे त्यांच्याकडे आले. त्या काळी घरोघरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून, नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून रंग पाहायचा. निळा राहिला तर बरे, विटकरी झाला तर वाईट.

याच प्रकृतीने बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती घटना मंजूर झाली. १९५१ च्या ऑगस्टात त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, आपल्या प्रकृतीची काळजी वाटते म्हणून हिंदू कोड बिल लवकर घ्यावे, अशी निकड लावली. १९५४ मध्ये काही महिने ते अंथरुणाला खिळले, दृष्टीही मंदावत गेली. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. तेल्हारा-अकोटकडची कितीतरी कुटुंबे त्या दिवसाशी आपले नाते जोडतात. ६ डिसेंबरला ते गेले. इन्सुलिन होते, पथ्य होते, घरात डॉक्टर होती. नव्हती ती विश्रांती. देशाने त्यांच्यावर टाकलेला भार या तिन्हींहून जड होता.

मंडाले आणि दिल्ली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकापाशी पथ्य होते आणि सुई जन्मलीच नव्हती. दुसऱ्यापाशी सुई होती आणि तरीही पथ्य सुटले नव्हते. पथ्य की सुई, असा प्रश्न या दोघांच्याही आयुष्यात कधी उभा राहिला नाही. तो प्रश्न नंतरचा, आणि तो रोगातून निघालेला नाही. माणसाच्या सोयीतून निघालेला आहे.

*

सोय आली ती गोळीच्या रूपाने. १९५५-६० च्या सुमारास तोंडाने घ्यायची औषधे निघाली. टॉलब्यूटामाइड १९५६ च्या सुमारास, मेटफॉर्मिन १९५७ साली फ्रान्समध्ये. आपल्याकडे मुंबईत १९५५ साली डॉ. अजगावकरांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि रोग्यांना शिक्षण देण्याचे काम सुरू झाले. परंतु गोळी हाती आली की माणसाचा हात पेढ्याकडे वळतो. ‘आज एक गोळी जास्त घेतली की झाले’ हे वाक्य त्या काळापासून आपल्या लग्नसमारंभांत रूढ झाले. १९७० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात टॉलब्यूटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू अधिक दिसले, आणि त्यावरून वैद्यांत कडाक्याचा वाद माजला. लंबक पुन्हा पथ्याकडे झुकला.

हा वाद मोजमापाने मिटविण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रोग्यांच्या अभ्यासाने दाखविले की इन्सुलिनवर जगणाऱ्यांनी साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते. १९९८ मध्ये इंग्लंडातील पाच हजारांवर रोग्यांच्या अभ्यासातून प्रौढांच्या मधुमेहाविषयीही तसेच आढळले. त्याच अभ्यासाने आणखी एक कटू गोष्ट सांगितली: हा रोग वर्षानुवर्षे पुढे सरकतो, स्वादुपिंड थकत जाते, आणि आज पथ्यावर भागणाऱ्याला उद्या गोळी, परवा कदाचित सुई लागते. हा रोगाचा स्वभाव आहे, रोग्याचा अपराध नव्हे. सुई लागली म्हणजे आपण हरलो असे मानणारा गृहस्थ विनाकारण स्वतःला शिक्षा करून घेतो.

पण पथ्याचा पक्षही तितकाच बळकट झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत आहार-व्यायामाने नव्या रोगाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. मद्रासकडे झालेल्या अशाच प्रयोगात, २००६ साली, दोन्ही उपाय जवळजवळ बरोबरीचे ठरले: २८.५ आणि २६.४ टक्के. २०१७ मध्ये ब्रिटनमधून वार्ता आली की रोग जडून सहा वर्षे न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रोग्यांना काही महिने अतिअल्प आहारावर ठेवून वजन उतरविले, तेव्हा वर्षअखेर ४६ टक्क्यांची साखर औषधाविना ठीक राहिली. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्के उरला. बुशार्दाने पॅरिसच्या वेढ्यात जे पाहिले, सुश्रुताने स्थूल रोग्याला जे सांगितले, तेच येथे मोजून सिद्ध झाले. मात्र ही किमया ज्यांच्या तिजोरीत काही शिल्लक होते त्यांच्यापुरतीच, हे विसरता कामा नये.

*

आता तेल्हाऱ्याच्या म्हाताऱ्यांना उत्तर दिले पाहिजे. ज्वारी खाणाऱ्या, राबणाऱ्या या मुलखात साखरेचा रोग आला कोठून?

येथे इतिहास पुन्हा उपयोगी पडतो. १८६१-६५ च्या अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात अकोल्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली आल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच श्रीमंत म्हणविणाऱ्या वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटीपणाचा आणि आजच्या मधुमेहाचा संबंध असावा, असे आता शास्त्रज्ञ मानू लागले आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. आपली नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्रज बालकांहून बारीक. पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने अधिक, असे त्यात आढळले. गर्भात उपासाची सवय लागलेल्या शरीराला पुढे मुबलक अन्न आणि बैठे जीवन मिळाले की ते भांबावते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दिसायला सडसडीत असलेल्या आपल्या माणसाला मधुमेह का होतो, याचे काही अंशी उत्तर येथे मिळते.

आणि ताट तरी तेच कोठे राहिले? ज्वारीच्या रानात आता सोयाबीन उभे असते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, म्हणून मजुराच्या घरी भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, पायवाटेच्या जागी मोटारसायकल. चहा मात्र गोडच राहिला, आणि दिवसातून सहा वेळा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे आहेत. खेडी त्यातून सुटलेली नाहीत.

तेव्हा ज्वारीकडे परत जावे हे खरे. भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, मुगाची उसळ हे आपले जुने जेवण कोणत्याही परदेशी आहारशास्त्राच्या तोडीचे आहे. परंतु ज्वारी म्हणजे औषध नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीतही सत्तरच्या आसपास ग्रॅम पिष्ट असते. ती सावकाश पचते आणि पोटाला आधार देते हा तिचा गुण. पण चार भाकरींची साखर चार भाकरींचीच होणार. भाकर मोजली तर पथ्य, नाहीतर नुसता अभिमान.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. गावोगाव आज ‘सुई बंद, गोळी बंद, केवळ आमच्या आहाराने मधुमेह मुळापासून बरा’ अशी ग्वाही देणारे लोक फिरतात. पन्नाशीच्या स्थूल गृहस्थाला त्यातून कदाचित थोडा लाभही होईल. परंतु त्याच सभेत दहा-बारा वर्षांच्या मुलीचा बाप बसलेला असतो. पोर वाळत चाललेली, सारखी पाणी मागणारी, रात्री चारचारदा उठणारी. दिवसातून चार वेळा टोचून घेऊन रडणारी. सुईचा खर्च, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या झळांत औषध गार ठेवण्याची विवंचना, आणि उद्या हिचे लग्न कसे होईल ही धास्ती, या साऱ्यांनी तो खचलेला असतो. त्याला ती ग्वाही अमृतासारखी वाटते. सुई बंद केल्यावर त्याच्या मुलीला काही महिने मिळत नाहीत, थोडेच दिवस मिळतात. एलिझाबेथच्या पथ्याने जे साधले नाही ते कोणाच्याही काढ्याने साधणार नाही.

त्या बापाला उपदेशाची गरज नाही, माहितीची आहे. घरी बर्फाची पेटी नसेल तर पाण्याने ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीला, बाटली गार राहते. जिच्या जिवाला सुई हवी तिला ती जन्मभर हवी, पण त्या जन्मात शाळा, नोकरी, संसार सारे मावते. आणि आपली मुलगी आजारी पडली यात तिच्या खाण्याचा किंवा आईच्या रांधण्याचा काही दोष नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टराने, शाळेतल्या मास्तरांनी, आशाताईंनी एवढे तीन शब्द त्याच्या कानावर घातले तरी पुष्कळ झाले.

लोलिंबराजाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या काळी सुई नव्हती. तो जे पाहत होता त्याबद्दल त्याने खरे सांगितले. प्रौढपणी जडलेल्या मधुमेहात पथ्यावाचून औषध लंगडे पडते, हे त्याचे म्हणणे आजच्या प्रयोगांनीही उचलून धरले आहे. श्लोकाचा हा उत्तरार्ध आपण जपून ठेवावा. पूर्वार्ध म्हणण्यापूर्वी मात्र रोगी कोण आहे, त्याचे वय काय आणि त्याच्या अंगात शिल्लक काय आहे, हे रक्त तपासून एकदा विचारून घ्यावे. आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर त्या घरी श्लोक न म्हणता सुईची बाटली नेऊन द्यावी.